खाण तशी माती. पण खाणी दोन

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्याकडे कोणाविषयी वापरतात, याकडे वाचकांनी कधी लक्ष दिले आहे काय? मुलगा हुशार निघाला तर तो ‘बापाच्या वळणावर’ जातो. पोर किरटे, आजारी किंवा हट्टी निघाले, की मग खाणीची आठवण होते. आणि ती खाण म्हणजे नेहमी आईच असते.

मी कला शाखेच्या द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक हाती धरले नव्हते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा आनुवंशिकतेसारख्या विषयावर वार्षिकांकात लिहिण्याचा हिला काय अधिकार, असे कोणी म्हणेल. अधिकार एवढाच, की हा विषय माझ्या रक्तात आहे. अलंकारिक अर्थाने नव्हे, खरोखरच. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्हा सर्वांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला गेला. काही जणींना पुन्हा बोलावून दंडातून रक्त घेतले. त्यांत मी होते. काही दिवसांनी एक कार्ड मिळाले. त्यावर ‘एएस’ अशी दोन अक्षरे होती. माझ्या बाजूला बसणाऱ्या मैत्रिणीच्या कार्डावर ‘एए’ होते. कार्ड देणाऱ्या ताई म्हणाल्या, “घाबरू नको, तू रोगी नाहीस, वाहक आहेस.” मला दोन्ही शब्दांतला फरक कळला नाही. मी घाबरले.

घाबरण्याला कारण होते. आमचा भाग पूर्व विदर्भाचा, धानाचा. इकडे सिकलसेल हा शब्द म्हाताऱ्या बायकांनाही ठाऊक आहे. माझ्या मावशीला तीन मुले झाली. पहिला मुलगा धडधाकट. दुसरी मुलगी सहा महिन्यांची असताना तिच्या हातापायांचे पंजे सुजले आणि तेव्हापासून तिचे दुखणे सुरू झाले. थंडी पडली की तिची हाडे ठणकतात, डोळे पिवळे होतात, दरवर्षी रक्त चढवावे लागते. तिसरा मुलगा चार वर्षांचा होऊन गेला. त्या पोराच्या मागे मावशीची सासू दारात बसून म्हणाली होती, “हे आमच्या घराण्यात नव्हतं. हिच्या माहेरचं रक्त आहे.” मी तेव्हा पाचवीत होते. ते वाक्य माझ्या आईनेही ऐकले आणि खाली मान घातली. मावशीचे माहेर तेच माझ्या आईचे माहेर.

तेव्हा माझ्या कार्डावरची ती दोन अक्षरे कोठून आली, हे शोधल्यावाचून मला राहवेना. आमच्या गावच्या शाळेतील विज्ञानाच्या बाईंनी पुस्तके दिली, चार-पाच रविवार समोर बसवून समजावले. त्यातून मला जे उमगले ते येथे मांडते.

पूर्वीच्या लोकांची कल्पना अशी होती, की आई आणि बाप यांचे गुण मुलात दूध आणि पाण्यासारखे मिसळतात. वरवर पाहता ते पटते. उंच बाप, ठेंगणी आई, मुलगा मध्यम. पण ह्या कल्पनेत एक अडचण आहे. दुधात पाणी मिसळले की ते पुन्हा वेगळे होत नाही. मग आजोबांचे घारे डोळे बापात नाहीसे होऊन नातवात परत कसे येतात? मिसळून गेलेली वस्तू परत येत नसते. जी परत येते ती मिसळलेली नसते, नुसती झाकलेली असते. एवढी साधी गोष्ट; पण ती मोजून सिद्ध करायला एक माणूस आठ वर्षे वाटाणे सोलीत बसला.

त्याचे नाव ग्रेगोर मेंडेल. जन्म १८२२ सालचा, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. बापाच्या अंगावर झाडाचा ओंडका पडला आणि घरची शेती बसली. मुलाला शिकायचे होते आणि पैसे नव्हते. तेव्हा त्याच्या धाकट्या बहिणीने, थेरेसियाने, आपल्या हुंड्यासाठी राखलेल्या वाट्यातला भाग भावाच्या शिक्षणाला दिला. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. माझ्या दादाने दहावीनंतर शाळा सोडून दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायला घेतला, तेव्हा कोठे माझ्या प्रवेशाची फी भरली गेली. मेंडेलने पुढे बहिणीच्या मुलांच्या शिक्षणाला मदत करून ते ऋण फेडले. माझे फेडायचे आहे.

असो. शिक्षण चालू राहावे म्हणून मेंडेल १८४३ साली ब्रनो शहरातील मठात दाखल झाला. शिक्षकाच्या परीक्षेला तो १८५० साली बसला आणि नापास झाला. पुढे पुन्हा बसला, तरी ते प्रमाणपत्र त्याला मिळाले नाही. आपल्यापैकी ज्यांचे एखाददुसरे पेपर राहिले असतील त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. मात्र ती घरी सांगू नये.

मठाच्या बागेत १८५६ पासून १८६३ पर्यंत त्याने वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे वाढवली. वाटाणाच का? आमच्याकडे धान निघाल्यावर बांधीत लाखोळी पेरतात. लाखोळीचे फूल ज्याने जवळून पाहिले आहे त्याला वाटाण्याचे फूल वेगळे सांगायला नको. दोन्ही एकाच कुळातली. फुलाच्या पाकळ्या आतल्या केसरांना घट्ट मिटून धरतात, त्यामुळे वाटाण्यात त्याच फुलाचा पराग त्याच फुलाला लागतो. बाहेरचे कोणी सहसा आत येत नाही. म्हणजे वाण शुद्ध राहतो. आणि संकर घडवायचा असेल तर कोवळ्या फुलातील पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या फुलाचा पराग हाताने लावायचा आणि वर पिशवी बांधायची. म्हणजे आई कोण, बाप कोण, हे नक्की ठाऊक.

त्याने गोल दाण्याचा वाण आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाण यांचा संकर केला. दूध-पाण्याच्या हिशेबाने पोरे अर्धवट सुरकुतलेली निघायला हवी होती. तसे झाले नाही. सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती जणू मेली. गंमत अशी, की गोल दाणा आईकडचा घेतला काय किंवा बापाकडचा घेतला काय, निकाल तोच. वाटाण्याच्या झाडाला माहेर-सासर कळत नाही.

मग त्याने हे संकरित गोल दाणे पेरले आणि त्यांचे त्यांच्यातच फलन होऊ दिले. दुसऱ्या पिढीत सुरकुतलेला दाणा परत आला! मेंडेलने मोजले: ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. दाण्याच्या रंगाचा हिशेब केला तेव्हा ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे. सात निरनिराळे गुण तपासले. प्रत्येक वेळी सुमारे तीनास एक. झाडे मोजणारे पुष्कळ झाले असतील, पण ‘तीनास एक’ हा आकडा पाहून थांबणारा हा पहिलाच.

त्याने अर्थ लावला तो असा. प्रत्येक गुणासाठी झाडात एक नव्हे, दोन घटक असतात. एक आईकडचा, एक बापाकडचा. पुढच्या पिढीला देताना दोहोंपैकी एकच दिला जातो, आणि कोणता, ते नशिबावर. दोन घटक वेगळे असतील तर एक वर दिसतो, त्याला प्रभावी म्हणतात. दुसरा आत दडून बसतो, तो अप्रभावी. दडलेला घटक झिजत नाही, पातळ होत नाही. तो जसाच्या तसा पुढे जातो, आणि एखाद्या पिढीत त्याला त्याच्यासारखाच जोडीदार भेटला की उघडा पडतो. हे गोल दिसणारे दाणे आतून सारखे नाहीत, हेही मेंडेलने दाखवले. दुसऱ्या पिढीतल्या गोल दाण्यांपासून त्याने ५६५ झाडे वाढवली. १९३ झाडांना फक्त गोल दाणे आले. ३७२ झाडांनी मात्र गोल आणि सुरकुतलेले असे दोन्ही दिले. म्हणजे दिसायला धडधाकट अशा तिघांमागे दोघे जण आत काहीतरी घेऊन चालत होते. माझ्या कार्डावरील ‘वाहक’ हा शब्द मला पहिल्यांदा कळला तो येथे.

हा निबंध त्याने १८६५ साली ब्रनो येथील सभेत वाचला आणि पुढच्या वर्षी तो छापून आला. कोणाला त्यात विशेष वाटले नाही. मेंडेल १८८४ साली वारला. आणि १९०० साली हॉलंड, जर्मनी व ऑस्ट्रिया येथील तीन शास्त्रज्ञांनी हे नियम पुन्हा शोधून काढले, तेव्हा त्यांना कळले की हे काम चौतीस वर्षांपूर्वीच छापलेले आहे.

आता वाटाणा बाजूला ठेवून माणसाकडे येऊ. मेंडेलच्या घटकाला आपण आज जनुक म्हणतो. जनुके गुणसूत्रांवर असतात. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईचे, एक बापाचे. अकराव्या जोडीवर एक जनुक आहे. रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहून नेणारे जे हिमोग्लोबिन, त्याचा एक भाग कसा बनवायचा याची कृती त्यात लिहिलेली असते. नेहमीच्या कृतीला ‘ए’ म्हणतात. ‘एस’ ह्या प्रकारात त्या कृतीमध्ये एकच अक्षर बदललेले असते. मराठीच्या विद्यार्थ्यांना हे समजावण्याची गरज नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फरक किती? एका वेलांटीचा. पण एकाचा अर्थ दिवस, दुसऱ्याचा गरीब. तशीच ही एका अक्षराची चूक. तिच्यामुळे १४६ कड्यांच्या साखळीतील सहावी कडी बदलते, प्राणवायू कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ दांडे बनते, आणि गोल मऊ तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. सिकल म्हणजे विळाच. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जेथे अडकतात तेथे असह्य वेदना. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त सतत कमी.

शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० साली अशा विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रथम छापले. रोगी होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक विद्यार्थी. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील लोकांत तो आढळल्याची नोंद झाली. पुढे पूर्व विदर्भ, मेळघाट, नंदुरबार इकडेही तो सापडत गेला.

ज्याच्याजवळ दोन्ही जनुके ‘ए’ तो निरोगी. ज्याच्याजवळ दोन्ही ‘एस’ तो रोगी. आणि ज्याच्याजवळ एक ‘ए’ व एक ‘एस’, तो माझ्यासारखा वाहक. त्याचे रोजचे आयुष्य इतरांसारखेच जाते. रोवणीला वाकतो, कबड्डी खेळतो. येथे मला एक गंमत वाटते. गावाच्या डोळ्यांना मी ‘एए’ मैत्रिणीसारखीच दिसते. पण रक्त पट्टीवर ठेवून वीज सोडली, की ‘ए’ आणि ‘एस’ अशा दोन वेगळ्या रेषा दिसतात. म्हणजे एखादा गुण दडला आहे की नाही, हे आपण किती जवळून पाहतो यावर अवलंबून आहे. शिबिरात पहिली जी चाचणी होते तिच्यात रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. ते गढूळ झाले तर ‘एस’ आहे एवढेच कळते, एक की दोन ते कळत नाही. म्हणून दुसऱ्यांदा बोलावतात. दुसऱ्यांदा बोलावले म्हणून आमच्या वसतिगृहातली एक मुलगी रात्रभर रडली होती, आणि तीही वाहकच निघाली. हे आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

नवरा-बायको दोघेही वाहक असले तर काय होते, ते मी नाण्यांनी करून पाहिले. खोलीत आम्ही चौघी. दोन नाणी घेतली. एक आईचे, एक बापाचे. छापा म्हणजे ‘ए’, काटा म्हणजे ‘एस’. दोन्ही एकदम उडवायची आणि काय पडले ते लिहायचे. शंभर वेळा उडवली. दोन्ही छापे २७ वेळा, एक छापा एक काटा ४९ वेळा, दोन्ही काटे २४ वेळा. म्हणजे चारात एक निरोगी, चारात दोन वाहक, चारात एक रोगी; आमची नाणी वाटाण्यापेक्षा फारशी वेगळी वागली नाहीत.

पण ह्या खेळात आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. वहीत कोठे दोन्ही काटे लागोपाठ तीनदा पडले होते, तर कोठे पंधरा वेळांत एकदाही नाही. मावशीची मुलगी आजारी निघाली तेव्हा एका शहाण्या नातेवाइकाने सांगितले होते, की चारात एकच बिघडते, ते झाले, आता पुढची चांगली होतील. मावशीने त्याच्यावर विश्वास ठेवला. नाण्याला आठवण नसते. मागच्या खेपेस काय पडले होते ते त्याला ठाऊक नसते. प्रत्येक बाळंतपण हा नवा डाव. आणि प्रत्येक डावात चारात एक.

आणि आता त्या वाक्याकडे येते, ‘हिच्या माहेरचं रक्त’. रोगी मूल जन्माला यायचे तर एक ‘एस’ आईकडून यावा लागतो आणि दुसरा बापाकडून. एकट्या आईला हे करताच येत नाही. ही माझी बाजू नव्हे, हे गणित आहे. दोन नाणी घेतल्याशिवाय दोन काटे कसे पडणार? मुलगी गेली सात वर्षे दवाखान्याच्या फेऱ्या मारते आहे. पण मावसाजींचे रक्त दोन वर्षांपूर्वी प्रथम तपासले गेले, आणि ते वाहकच निघाले. त्याआधी कोणी मागितलेच नव्हते.

ह्यात आणखी एक वळण आहे. मावशीचे लग्न तिच्या सख्ख्या मामेभावाशी झाले. आमच्याकडे अशी लग्ने होतात आणि घरची मुलगी घरात गेली म्हणून सगळ्यांना आनंद असतो. म्हणजे माझी आजी ही त्याच घरची लेक. ज्या घराने ‘हे आमचे नव्हे’ म्हटले, तोच ‘एस’ कदाचित त्याच घरातून आजीबरोबर निघून, मावशीबरोबर परत त्याच घरी आला असेल. आजी आज नाही, तेव्हा तपासता येणार नाही. पण नात्यातल्या लग्नात धोका कशाचा, ते ह्यावरून ध्यानात येईल. रक्त ‘जवळचे’ असणे वाईट नाही. एकाच आजा-आजीकडून आलेला तोच दडलेला घटक दोन्ही बाजूंना असण्याची शक्यता तेथे वाढते, इतकेच.

हा आजार अमक्या जातीचा, तमक्या जमातीचा, असे आमच्या वर्गातही बोलले जाते. तो आदिवासी समाजात अधिक आढळतो हे खरे. परंतु इतर समाजांतही आहे, आणि आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, तुर्कस्तान येथेही आहे. ह्या सर्व प्रदेशांना जोडणारी गोष्ट जात नसून डास आहे. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवले, की ज्यांच्याजवळ एक ‘एस’ असतो त्यांना हिवतापाचा घातक प्रकार सहसा मारू शकत नाही. म्हणजे दाट जंगलात, हिवतापाच्या मुलखात, हजारो वर्षे वाहक पोरे तगली, आणि त्यांच्याबरोबर ‘एस’ही तगला. माझे पूर्वज हिवतापातून वाचले ते कदाचित ह्याच अक्षरामुळे. मला हे वाचून प्रथमच त्या कार्डाचा राग आला नाही.

सगळे गुण असे एका जनुकाने ठरत नाहीत, हेही सांगायला हवे. नाहीतर वाचक घरी जाऊन सगळ्यांच्या नाकांचे गणित मांडू लागतील. उंची, कातडीचा रंग यांमागे पुष्कळ जनुके असतात, आणि उंचीत तर पोटाला काय मिळाले याचाही वाटा मोठा. म्हणून सावळ्या आईबापांना गोरे मूल किंवा गोऱ्यांना सावळे झाले, तर शेजाऱ्यांनी कुजबुजण्याचे कारण नाही. मुलगा की मुलगी, हे मात्र एका गुणसूत्रावर ठरते. बाईजवळ दोन्ही ‘एक्स’; ती ‘एक्स’च देऊ शकते. पुरुषाजवळ एक ‘एक्स’ व एक ‘वाय’. तो जे देईल त्यावर ठरते. नेटी स्टीव्हन्स नावाच्या बाईंनी १९०५ साली पिठातल्या अळ्यांवर काम करताना हे ओळखले. इतकी वर्षे लोटली, तरी आमच्या गल्लीत चौथी मुलगी झाली म्हणून बायकोला माहेरी पाठवणारा गृहस्थ आहे, आणि तो पदवीधर आहे.

आता माझ्या कार्डाचे काय झाले ते. मी ते घरी नेले तेव्हा आईने माझ्या हातून घेऊन ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवले. तिच्या मते हे तिच्याकडूनच आले होते. मावशीची ती सख्खी बहीण. बाबांचेही मत तेच. त्यांनी फक्त एवढेच म्हटले, “आमच्यात असलं काही नाही.” मी त्यांना तपासणी करा म्हटले, तर धान मळायचे आहे म्हणून निघून गेले. आई मात्र आशाताईंबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आली. तिचा निकाल ‘एए’ आला.

मी तो कागद तीनदा वाचला. मावशी वाहक असली म्हणून आई असलीच पाहिजे असे नाही. बहिणी झाल्या तरी प्रत्येकीचे नाणे वेगळे पडते. एवढे शिकूनही मी आईलाच धरून चालले होते. आई ‘एए’, मी ‘एएस’. मग माझा ‘एस’ यायला वाट एकच उरते. बाबांची तपासणी झाली नव्हती, तरी त्यांचा निकाल माझ्या कार्डावर लिहिलेला होता. संध्याकाळी चुलीपाशी मी हे नाणी मांडून सांगितले. आईने काही म्हटले नाही; पण तिने त्या दिवशी भाजीला फोडणी घालताना गाणे गुणगुणले, हे मी ऐकले. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सायकल काढून स्वतःच केंद्रावर गेले आणि कार्ड घेऊन आले. ‘एएस’.

रोग्यांसाठी आज पुष्कळ करता येते. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी दुखण्याचे झटके कमी होतात. भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, वेळेवर लसी यांचा उपयोग होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत हा आजार आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करावी आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवावा, असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत जनुकांतच दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला परवानगी मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. आमच्या तालुक्यातल्या कोणाच्या हिशेबात ती बसणार नाही. लग्नाआधीची तपासणी आमच्या तालुक्यात फुकट होते. दोघांपैकी एक ‘एए’ असला तर मूल रोगी होत नाही. वाहकाने लग्नच करू नये असे मुळीच नाही. दोघेही वाहक असून लग्न झालेच, तर गर्भ तीन महिन्यांचा होण्याच्या सुमारास त्याची तपासणी करता येते. म्हणजे प्रश्न पैशाचा नाही, विचारण्याचा आहे. विचारायचे म्हटले की ट्रंक बंद होते.

यंदा दिवाळीनंतर मला पाहायला पाहुणे आले होते. मला अजून शिकायचे आहे. पण घरी आलेल्यांना चहा तर द्यावाच लागतो. आत आईने मला दोनदा बजावले, की कार्डाचे काढू नको. मुलाच्या मामांनी माझे शिक्षण, उंची, स्वयंपाक सगळे विचारले. मग पोहे झाले. बाबा एवढा वेळ गप्प होते. ते उठून आत गेले, ट्रंक उघडली, माझे कार्ड आणि स्वतःचे कार्ड अशी दोन्ही आणून त्यांनी पाटावर ठेवली.

“हे आमचं,” ते म्हणाले. “मुलाचं तपासलं का तुम्ही?”

पाहुणे म्हणाले, बघतो, विचारून कळवतो. अजून कळवलेले नाही.